पूजेला बसलेली पक्कड

आमच्या गल्लीची आपत्कालीन प्रमुख मी आहे, आणि त्याला कारण माझी मान.

मला चारचौघांत बोलता येत नाही. कुणी काही विचारलं की तोंडातून शब्द फुटायच्या आधीच माझी मान हलून मोकळी होते, आणि तीही कायम होकाराचीच. (माझं लग्नही असंच ठरलं. तक्रार नाही, फक्त सांगून ठेवते.) गणपती उठल्यावर आमच्या महिला मंडळात एक साहेब आले. पूर, आग, भूकंप आला तर काय करायचं ते शिकवायला. दोन तास बोलले. शेवटी म्हणाले, "या गल्लीची जबाबदारी कोण घेणार?" सगळ्या बायका एकदम पदराकडे, छताकडे, घड्याळाकडे बघायला लागल्या. मला वाटलं साहेब चहा विचारतायत. मान हलली. टाळ्या वाजल्या. झाले मी प्रमुख!

प्रमुखाने एक पिशवी भरून ठेवायची होती. तिच्यात बॅटरी, दोरी, मलमपट्टी आणि एक हत्यार. साहेबांनी हत्याराचं दोनदा सांगितलं. एक तर घडीचा चाकू घ्या, नाहीतर ते एकात अनेक हत्यारं असलेलं मल्टिटूल घ्या. पातं उघडल्यावर पक्कं अडकलं पाहिजे, हातावर मिटता कामा नये. गंजणारं नको. आणि घाईच्या वेळी कुणालाही उघडता आलं पाहिजे.

आता मला चाकूतलं काय कळतं? मी जन्मभर विळीवर चिरत आलेली बाई. पाट ओढला, पाय दाबला, की कोबी काय अन् फणस काय! हातात धरून चिरायचं हत्यार मला उलटंच वाटतं. म्हणून शेजारच्या शकूताईला बरोबर घेतलं. शकूताई म्हणजे माझ्या नेमकी उलटी. तिची मान कधी हलत नाही, तोंड कधी थांबत नाही.

शहरातल्या द्वारका चौकाजवळ एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. जाता जाता भाजीही घेतली, कारण घराबाहेर पडून भाजी न आणता परत येणं मला जमत नाही. दुकानदाराने काचेवर आठदहा चाकू मांडले. तो खटाखट उघडायचा, खटाखट मिटायचा. मी प्रत्येकाला मान हलवत होते.

"ताई, तुम्ही उघडून बघा की."

मी बघितलं. चाकूच्या पात्याला नख अडकवायला बारीकशी खाच होती. पण भांडी घासून घासून माझ्या बोटांना नखं उरलीत कुठे! मी खाचेत बोट घासत बसले. दुकानदार बघत होता. त्याच्यामागे चार गिऱ्हाइकं बघत होती.

"भूकंप आला तर तो हिच्यासाठी थांबणार बघा," शकूताई म्हणाली.

मग दुकानदाराने मल्टिटूल काढलं. दोन दांड्या उघडल्या की मध्ये पक्कड. दांड्यांच्या पोटात चाकू, करवत, कात्री, पेचकस, डबा फोडायचं, आणि डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं काहीतरी. "एकात चौदा!" तो म्हणाला.

शकूताईने माझ्या कानात सांगितलं, "हेच घे मंदे. नुसता चाकू नेलास तर तुझी सासू विचारेल, कुणाचा गळा कापतेस? पक्कडीला कोण हरकत घेतंय!"

हे मला पटलं. तरी धार बघितल्याशिवाय घेणार कशी? दुकानदाराने कागद पुढे केला. कागद कोण खातंय! मी पिशवीतला दुधी काढला, काचेवर आडवा ठेवला आणि देठाकडून एक काप काढला. लोण्यासारखा निघाला. (बीही कोवळं होतं. दोन्ही खरेद्या चांगल्या झाल्या.) पण आता चाकू मिटेना! पातं पक्कं अडकलं होतं, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे. कुठली तरी पट्टी दाबल्यावर ते मिटतं, हे दुकानदाराने मला तीन वेळा दाखवलं होतं. आणि तिन्ही वेळा मी, समजल्यासारखी, मान हलवली होती. चौथ्यांदा कुठल्या तोंडाने विचारू? मी उघडं पातं सरळ दुधीत खुपसलं, दुधी पोटाशी धरला, पैसे दिले आणि दुकानाबाहेर पडले.

नवरात्राला चार दिवस उरलेले. शेअर रिक्षात मी मध्ये बसले, मांडीवर सुरी खुपसलेला दुधी. एका बाजूला शकूताई, दुसऱ्या बाजूला एक धोतर नेसलेले बाबा, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक जाडजूड गृहस्थ. द्वारकेच्या चौकात रिक्षा नेहमीप्रमाणे अडकली. बाबांनी दुधीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत दुधीकडे बघितलं.

"बाई, उतारा हाये का?"

मी तोंड उघडायच्या आत शकूताई म्हणाली, "हो बाबा. लई कडक आहे. शिवायचं नाही, आणि हिच्याशी बोलायचंपण नाही. बोललं की बोलणाऱ्याला लागतो."

मी मान हलवली! खरंच सांगते, नाही म्हणायला हलवली होती. पण सवय ती सवय, ती खालीवरच हलली. बाबा तिथंच चौकात, चालत्या गाड्यांमध्ये उतरले. जाडजूड गृहस्थही उतरले. ड्रायव्हर बिचारा उतरू शकत नव्हता. त्याने मीटरला चिकटवलेल्या देवीच्या फोटोला हात लावला, आणि आम्हाला थेट आमच्या उपनगरापर्यंत, मध्ये एकही गिऱ्हाईक न घेता, असं काही आणून सोडलं की रुग्णवाहिका तरी काय सोडेल!

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी एका बोटाने चाकू मिटवला. हे ओझरला कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी मल्टिटूल उलटसुलट केलं आणि म्हणाले, "चौदा कामं करणाऱ्याला एकही धड येत नाही. आमच्या खात्यात आहे असा एक."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या मूळच्या इगतपुरीकडच्या. सत्तरी ओलांडली तरी आवाज असा, की घाटाच्या या टोकावरून त्या टोकाच्या म्हशी वळतील. त्यांनी हत्यार हातात घेऊन तोललं आणि निकाल दिला. "नवं हत्यार हाय. पूजा झाल्याबिगर वापरायचं नाय. नवमीला पूजा करू, मग काय ते कर तुझं भूकंप-बिकंप."

त्यामुळे गल्लीचं आपत्कालीन हत्यार देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात गेलं. नवमीपर्यंत आपत्तीने थांबावं, एवढीच अपेक्षा.

आपत्ती थांबली. बरोब्बर नवमीपर्यंतच थांबली!

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. आत्याबाईंनी सकाळी पाट मांडला. ह्यांच्या पेटीतले पान्हे, पेचकस, पक्कड, कानस, हातोडी. स्वयंपाकघरातली विळी, सांडशी, अडकित्ता. माझ्या शिलाईची कात्री. आणि मधोमध, सगळ्यांच्या वर, नवं मल्टिटूल, चौदाही अवयव उघडून, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट. शिवाय माझी पिशवीच उपडी करून बॅटरी आणि दोरीही पाटावर. "तीबी हत्यारंच की," आत्याबाई म्हणाल्या. झेंडूच्या माळा घातल्या, धूप झाला. त्या दिवशी हत्याराला सुट्टी. कोणी उचलायचं नाही, वापरायचं नाही. भाज्यासुद्धा मी आदल्या दिवशीच चिरून ठेवल्या होत्या.

हे कारखान्यात गेले होते. तिथेही त्या दिवशी मशीनची पूजा असते. आत्याबाईंचे नऊ दिवसांचे उपवास होते, आणि नैवेद्य दाखवून पारणं फेडायचं होतं. मी पान वाढायला घेतलं. आत्याबाईंनी साखरेच्या आजाराची गोळी घेतली. ती घेतली की अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे, डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. "पाय धुऊन आलेच," म्हणून त्या बाथरूममध्ये गेल्या. पाण्याचा आवाज आला. मग कडीचा आवाज आला. मग परत कडीचा. मग जोरात कडीचा.

"मंदा! कडी निघंना!"

आमच्या बाथरूमला आतून सरकती लोखंडी कडी आहे. होती. ती वाकडी होऊन अडकली होती. मी बाहेरून दार ओढलं, ढकललं, उचललं. काही नाही. कडीचे चारही स्क्रू आतल्या बाजूला.

"आत्याबाई, घाबरू नका!"

"मी कशापायी घाबरू? तूच रडाया लागलीस!"

हे खरं होतं.

मी ह्यांना फोन लावला. मागे झांजा वाजत होत्या. "आरती चालूय!" हे ओरडले. मी म्हटलं, "आत्याबाई आत अडकल्यात!" हे म्हणाले, "हो हो, प्रसाद आणतो!" आणि फोन ठेवला. परत उचलला नाही.

शकूताई धावत आली. तिने ओळखीच्या सुताराला फोन लावला. सुतार म्हणाला, "ताई, आज हत्यार उचलत नाही. उद्या सोनं वाटून झालं की संध्याकाळी येतो." उद्या संध्याकाळी! मग शकूताई गल्लीत फिरली. या घरी पेचकस पूजेत, त्या घरी पक्कड पूजेत, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याची तर सगळी पेटीच पूजेत, वर नारळ! अख्ख्या गल्लीत मिळून हजार तरी हत्यारं असतील, आणि एकही कामावर नाही. रिकाम्या हाताने मात्र सगळे आमच्या दारात जमले.

"इथं आपत्कालीन प्रमुख कोण आहे हो?" कुणीतरी विचारलं.

"हीच की!" शकूताईने मला पुढे ढकललं.

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आत्याबाईंऐवजी मी आत असते तर किती बरं झालं असतं. साहेबांनी दिलेला कागद आठवला. पहिलं वाक्य, शांत राहा. दुसरं, पिशवी उघडा. पिशवी पूजेला बसलेली!

"आत्याबाई," मी दाराला तोंड लावून म्हटलं, "पाटावरचं नवं हत्यार घेऊ का?"

"हात लावशील तर याद राख! मांडल्याली पूजा मोडायची नाय!"

"मग दाराला लाथ मारू," मागून एकजण म्हणाला.

"कोण हाय रं तो? नवमीच्या दिवशी दाराला लाथ? बाहीर येऊ दे मला, मग दावते!"

"बाहेर येण्याचाच तर प्रश्न आहे, मावशी."

दहा मिनिटं गेली. आत्याबाईंचा आवाज जरा खाली आला. मला काळजी वाटायला लागली. गोळी पोटात, नऊ दिवसांचा उपवास, आणि अन्नाचा कण नाही. मी मागच्या बोळात गेले. तिथे बाथरूमची खिडकी आहे, उंचावर, हात जाईल एवढी. खाली पाण्याचा ड्रम उपडा घालून त्यावर चढले. आत्याबाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या. कपाळावर घाम होता.

"आत्याबाई, पोळीचा तुकडा देते खिडकीतून. तेवढा खा."

"न्हाणीत बसून पारणं फेडू? नऊ दिस देवीचं केलं ते यासाठी?"

"निदान गूळ?"

"न्हाय म्हणले ना!"

मी रडवेली होऊन खाली बघितलं. शकूताई खाली ड्रम धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत ती रिक्षातली चमक आली. ती मोठ्याने म्हणाली, "काय गं मंदा, पान वाढलंयस ना? काय काय केलंस?"

"आत्ता हे काय..."

"सांग गं! मोठ्यांदा सांग."

मग मी सांगायला लागले. पुरणपोळी. तिच्यावर तूप. कटाची आमटी, खोबरं भाजून वाटून लावलेली. कुरडई, पापड. भजी. आत काही आवाज नाही. भात, वरण. लिंबाची फोड. तळलेली मिरची, मी सांगितलं. आत्याबाईंचा जीव तळलेल्या मिरचीत.

"किती तळल्यात?" आतून आवाज आला.

"सात."

आत बादली सरकली. मग, "पूजा न मोडता हत्यार उचलायचं तर आधी उत्तरपूजा कराया लागंल. अक्षता टाकायच्या, क्षमा मागायची, पाट जरासा हलवायचा. मग उचल."

"मंत्र काय म्हणायचा?"

"येडी हायेस काय? न्हाणीतून मंत्र सांगू?"

झालं! मंत्र ज्यांना येतो त्या बाथरूममध्ये, आणि बाथरूममधून तो सांगता येत नाही. गर्दीत कुणाला येतो का विचारलं. सगळे छताकडे, पदराकडे, घड्याळाकडे!

मी पाटापुढे बसले. हातात अक्षता घेतल्या. मागे वीस माणसं हात जोडून उभी. आणि मी चारचौघांत न बोलणारी! पण आत एक म्हातारी बाई घामाने भिजत होती, आणि तीही माझ्यामुळे नसलं तरी माझ्याच राज्यात. मी डोळे मिटले आणि जे तोंडाला येईल ते मोठ्याने म्हटलं.

"बाबा रे, तुला आणलं तेव्हापासून तू नुसता बसून आहेस. दुधी सोडून तू काही कापलेलं नाहीस. आज सुट्टीच्या दिवशी उठवते, राग मानू नकोस. माझ्या सासूबाई नऊ दिवसांच्या उपाशी आहेत. त्यांची गोळी पोटात गेलीय, पोळी बाहेर आहे. चार स्क्रू काढ आणि परत येऊन बस. तुला वेगळी माळ घालते."

पाट हलवला. मागे कुणीतरी "उदे गं अंबे उदे" म्हटलं. मी मल्टिटूल उचललं. काही आकाश कोसळलं नाही.

पण दोरी अजून पाटावरच होती, आणि तिच्यासाठी निराळी क्षमा मागण्याएवढा वेळ नव्हता. म्हणून मी परकराची नाडी आणली (वाळत घातलेल्या परकराची, नेसलेल्या नव्हे), हत्याराला बांधली आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं खिडकीतून आत सोडलं. हळद, कुंकू, झेंडूची एक पाकळी, सगळ्यासकट.

"पोचलं!" आत्याबाई म्हणाल्या. "आता यातलं कुठलं?"

मी मान हलवली. भिंतीपलीकडे मान हलवून काय उपयोग! मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"ही कात्री. ही करवत. आणि हे काय गं, डुकराची शेपटी?"

"ते बाटलीचं बूच काढायला असतं, मावशी," गर्दीतून कुणीतरी सांगितलं.

"तुला बरं ठाव!" आत्याबाई आतून म्हणाल्या. तो माणूस गप्प मागे सरकला आणि त्याची बायको त्याच्याकडे वळली. ती भांडणं अजून चालू आहेत म्हणे.

मग आतून कुरकुर आवाज आला. "एक निघाला!" गर्दीने टाळ्या वाजवल्या. "दोन!" परत टाळ्या. तिसऱ्याला वेळ लागला, तेव्हा सगळे टाळीचे हात उगारूनच थांबले. चौथ्याला कडी खाली पडली, खणकन. दार उघडलं. आत्याबाई बाहेर आल्या. एका हातात कडी, एका हातात कुंकू लागलेलं हत्यार, पदर खोचलेला, केस सुटलेले. पुढच्या दोघीतिघी तर वाकून पायाच पडल्या!

आत्याबाईंनी कुणाकडेही बघितलं नाही. पानावर बसल्या आणि म्हणाल्या, "मिरच्या पाचच दिसत्यात."

(दोन शकूताईने खाल्ल्या होत्या. वाट बघून बघून.)

संध्याकाळी हे प्रसाद घेऊन आले. कडी बघितली, चारही स्क्रू बघितले, आणि "कामाची पद्धत चांगली आहे," असं आपल्या आईला म्हणाले. कडी बसवायचं विचारलं तर म्हणाले, "आज हत्यारं पूजेत आहेत. उद्या बसवतो." दसऱ्याला म्हणाले, आज सण आहे. मग म्हणाले, नवीन कडी आणायला हवी. आज होळी तोंडावर आली. फिटरच्या घरातली कडी आहे, कशी बसणार!

मल्टिटूल पिशवीत परत आलं नाही. आत्याबाईंनी ते आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवलंय, सुपारीच्या शेजारी. गल्लीत कुणाचं कुलूप अडकलं, डबा अडकला, की लोक त्यांना बोलवायला येतात. माझ्याकडे प्रमुखपद आहे, त्यांच्याकडे हत्यार आहे. भूकंप आलाच तर आमचं काय ते आपसांत ठरेल.

माझी अडचण निराळीच झालीय. बाथरूमला कडी नाही. आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून अंघोळ संपेपर्यंत मोठ्याने काहीतरी म्हणत राहावं लागतं. आरती म्हणावी तर तिथे देवाचं नाव घ्यायचं नाही. गाणी मला येत नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंत झालीय, म्हणून मी पाढे म्हणते. रोज सकाळी, बेपासून, जीव तोडून! सोळापर्यंत ठीक चालतं. सतराला माझी गाडी अडते. मी अडले की नळावरच्या बायका बादल्या खाली ठेवतात, आणि मग भिंतीपलीकडून शकूताईचा आवाज येतो.

"सतरा सत्ते एकशे एकोणीस! म्हण पुढे, म्हण! तुझ्या नादात आमच्या सगळ्यांचा सतराचा पाढा पाठ झाला, तुझा कधी होणार?"